डावीकडून पांढरं

१२ एप्रिल

कोळसा मोडला तरी मी थांबले नाही. मोडलेला तुकडा बोटांत धरून ओढत राहिले. कागद हँगरच्या पत्र्याला टेकवलेला, पत्रा थरथरतोय, मागे माझा भाऊ एजिदिओ विमानाचं इंजिन बंद करतोय. कोणीतरी म्हणालं, "निवेस, कॉफी घेणार?"

"तिच्याशी आत्ता बोलू नकोस," एजिदिओ त्याला म्हणाला. "चावेल."

खाली उतरल्यापासून पहिलं रेखाटन पूर्ण होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं नंतरही आठवतं. पोटाला जे जाणवतं ते लगेच पुसलं जातं. फोटो मी काढत नाही.

आज काहीतरी वेगळं होतं. एरवी आम्ही ब्रेन्ता नदी ओलांडली की डावीकडे वळून डोंगराकडे जातो. आज एजिदिओने उजवीकडे एक लांब, न संपणारं वळण घेतलं. मग आणखी एक. जमीन माझ्या उजव्या खांद्याखाली फिरत राहिली आणि डावीकडे नुसतं आभाळ. कागदावर सगळ्या रेषा उजवीकडे गोळा झाल्या. डावा अर्धा कोरा राहिला. त्याला मी हात लावला नाही.

१५ एप्रिल

ओत्ताविया येऊन गेली. बास्सानोतल्या तिच्या गॅलरीत सप्टेंबरमध्ये माझं प्रदर्शन आहे. आहे, असं ती म्हणते, आणि मग माझी हिवाळ्यातली चित्रं बघून गप्प बसते. आजही बसली. मग तिला भिंतीपाशी शनिवारचा कागद दिसला.

"हे काय आहे?"

"अजून काही नाही."

"हेच कर. बाकीचं सगळं तू आधी केलेलं आहेस. चांगलं केलंयस, पण केलंयस."

वाईट वाटलं. सहा वर्षांत माझं प्रदर्शन झालेलं नाही. आमच्याकडे विमानांची चित्रं काढणारा माणूस म्हटला की लोकांना आधी आजोबांचा काळ आठवतो, फॅसिस्टांचे काळे सदरे आणि वेगाची पूजा. तीस वर्षं मी सांगत आले की माझ्या चित्रात कोणी कोणाला जिंकत नाही. अलीकडे ते सांगायचीही गरज पडत नव्हती, कारण कोणी विचारतच नव्हतं.

संध्याकाळी एजिदिओला सांगितलं की सप्टेंबरपर्यंत मला दर शनिवारी वर जायचं आहे.

"म्हणजे ऑक्टोबरच्या आत," तो म्हणाला. ऑक्टोबरमध्ये त्याची डॉक्टरी तपासणी आहे. माझा भाऊ सदुसष्ट वर्षांचा आहे. क्लबची ग्लायडरं दोराने ओढून वर न्यायची आणि ते काम संपलं की मागच्या सीटवर मला घ्यायचं, हे त्याचं आयुष्य. तपासणीत पास झाला तर आणखी एक वर्ष.

"ज्या दिवशी मला खाली बसवतील," तो म्हणाला, "त्या दिवसापासून रविवारी जेवायला येत जाऊ नका. मी काही चांगला माणूस राहणार नाही."

"आत्ता कुठे आहेस?" मिरेला आतून म्हणाली. मिरेला त्याची बायको.

२६ एप्रिल

पुन्हा उजवीकडे. पुन्हा तीच रिकामी डावी बाजू. दोन मोठे कॅनव्हास लावले. उजवीकडे जाड थर, मातकट हिरवा, नदीचा राखी, डोंगराच्या पायथ्याचा करडा, सगळं रंगाऱ्याच्या रुंद पट्टीने एका दिशेला ओढलेलं. डावीकडे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला पहिला हात, बस्स. त्यावर तेलाचा थर चढवायचा नाही असं ठरवलं. कापडाची वीण दिसू दे.

खूप वर्षांनी रंगाचा वास गोड वाटला.

४ मे

मिरेलाकडे जेवण. पांढरे अ‍ॅस्परॅगस, उकडलेली अंडी, तेल, मिरी. एजिदिओने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढंच?" त्याच्या ताटलीत अर्धे अ‍ॅस्परॅगस तसेच होते. मिरेला उठली, त्याची ताटली अर्धी फिरवली आणि परत जागेवर बसली.

"अरे वा," तो म्हणाला. "लपवून ठेवले होतेस होय?" आणि उरलेले खाल्ले.

मला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

भांडी घासताना मिरेला म्हणाली, "हे तिसऱ्यांदा झालं."

"चिडवतोय गं तुला."

"चिडवताना तो माझ्याकडे बघतो. हे करताना बघत नाही."

मिरेला पहिल्यापासून काळजीखोर. लग्नाच्या दिवशीही ती चर्चच्या दारात उभी राहून वाऱ्याची दिशा बघत होती, हा उडायला तर जाणार नाही ना म्हणून.

१७ मे

हवा स्वच्छ. मी मागे, तो पुढे, मधे त्याची मान. ती मान मी इतकी वर्षं बघत आले आहे की डोळे मिटून काढू शकेन. आज डाव्या कानाखाली पांढरे खुंट दिसले. उजवा गाल गुळगुळीत. म्हातारा झालास, म्हणाले मनात.

मधेच तो ओरडला, "डाव्या टाकीत किती आहे बघ गं!" पेट्रोलचे काटे दोन्ही पंखांच्या मुळाशी, डोक्याच्या दोन बाजूंना असतात. डावा त्याच्या कानापासून हातभर होता.

"अर्धी! तुला दिसत नाही?"

"चष्मा बदलायला झालाय. मिरेलाला सांगू नकोस, उद्याच डॉक्टरकडे नेऊन बसवेल."

"नाही सांगत."

उतरताना सगळे डावीकडून फेरी मारून धावपट्टीवर येतात. तो उलट बाजूने, नदीवरून आला. रेडिओवर कोणीतरी त्याला चार शब्द सुनावले. "तुझ्यासाठी," तो खाली आल्यावर म्हणाला. "नदीवर उजेड बरा होता."

खरंच बरा होता.

मिरेलाला सांगायला हवं होतं का? चष्माच तर आहे. आणि खरं लिहायचं तर सांगितलं असतं आणि त्याला महिनाभर घरी बसवलं असतं, तर माझं काय झालं असतं, हा विचार मी आधी केला. त्याचा नंतर.

७ जून

क्लबच्या बैठकीत देविस झानिनने एजिदिओविरुद्ध तक्रार केली. देविस शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवतो. चाळिशीचा आहे. नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही. वर गेल्यावर ग्लायडरवाला दोर सोडतो, तेव्हा ग्लायडरने उजवीकडे वळायचं आणि ओढणाऱ्या विमानाने डावीकडे, म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब जातात. आमच्याकडे हे पोरंसोरंही जाणतात. देविस म्हणाला, एजिदिओ दोनदा त्याच्याच बाजूला वळला.

"मास्तर, तुम्ही दोर उशिरा सोडता," एजिदिओ म्हणाला. "मी काय तिथे जेवायला थांबू?"

"मी वेळेवर सोडला होता."

"तुम्ही वर पाढे म्हणत होतात. मला इंजिनातून ऐकू येत होते."

सगळे हसले. मीही हसले. देविस लाल झाला, टोपी उचलून निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, मी काहीतरी बोलेन अशी त्याची अपेक्षा असल्यासारखी.

घरी मी आणि एजिदिओ बरोबरच आलो. फाटकापाशी म्हणाला, "तो खोटं बोलणारा माणूस नाही."

"मग?"

"मग काय. उशिरा सोडला असेल."

५ जुलै

आधी लिहून ठेवते, हात अजून काळे आहेत.

तिसऱ्या वळणात डावीकडून पांढरं आलं. आधी ठिपका. मग पंख. मग नुसतं पांढरं, डावं आभाळ पूर्ण भरून, इतकं जवळ की काचेआडचा माणूस टोपीसकट दिसला. आवाज नाही. ग्लायडरला आवाज नसतोच. मग ते पोट दाखवत खाली कलंडलं आणि पुन्हा निळं.

एजिदिओची मान हलली नाही. खांदे तसेच सैल. बहुतेक शीळ वाजवत होता.

त्याने काय केलं ते मला कळलं. बुधवारीच मी त्याला म्हणाले होते की डावी बाजू कोरी ठेवता ठेवता मला तिची भीती वाटायला लागली आहे, तिथे काहीतरी एकच हवंय आणि ते काय ते मला सापडत नाही. त्याने आणून दिलं. कोणाशी तरी ठरवून, एवढ्या जवळून, मान न हलवता. माझ्या चित्रासाठी इतकं कोणी केलेलं नाही.

खाली उतरल्यावर रेघ एकदाही कापली नाही.

संध्याकाळी त्याला म्हणाले, "आजच्याबद्दल आभार."

"कशाबद्दल?"

असाच आहे तो. लहानपणी माझी सायकल दुरुस्त करून गुपचूप ठेवायचा आणि कोणी केली विचारलं की म्हणायचा, कुठली सायकल?

२० जुलै

पांढरा एका ओढीत यायला हवा. दोनदा हात लावला की तो ढग होतो. आज खरवडून काढला. काल खरवडून काढला. वडिलांच्या जुन्या कारखान्यात मी काम करते, लेथ अजून कोपऱ्यात आहे, आणि दुपारी पत्र्याखाली इतकं तापतं की रंग पट्टीवरच मऊ होतो.

चारच्या सुमारास पट्टी दोन्ही हातांत धरली, श्वास सोडला आणि डाव्या कडेपासून मध्यापर्यंत ओढली. राहिला. मी खाली फरशीवर बसले.

नाव तेच ठेवलं. डावीकडून पांढरं.

९ ऑगस्ट

एजिदिओने गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली. मिरेला म्हणते आत्ताच्या आत्ता डॉक्टर. तो म्हणतो ऑगस्टमध्ये डॉक्टर समुद्रावर सुट्टीला असतात. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये तपासणी आहेच की."

मिरेलाने टॉवेल घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केला.

देविस मैदानावर येतो पण आमच्याकडे बघत नाही. एजिदिओ त्याला ओढून नेतो, तो दोर सोडतो, उतरतो, ग्लायडरवर आच्छादन घालतो, घरी जातो. अजून त्या पाढ्यांचा राग धरून बसलाय.

२३ ऑगस्ट

आठ चित्रं झाली. सगळी भिंतीला लावून बघितली. ही मी काढली आहेत यावर विश्वास बसत नाही. साठीला आलेल्या बाईची चित्रं वाटत नाहीत. एका बाजूने ओथंबलेली, दुसऱ्या बाजूने उघडी. ओत्ताविया माहितीपत्रकासाठी लिहून घेऊन आली होती: वेगाच्या जुन्या पूजेने आपलं जे अर्धं जग गिळलं, त्याची जागा चित्रकर्तीने रिकामी सोडली आहे. मला तसं काही वाटलं नव्हतं. पण वाचल्यावर वाटलं, असेलही.

६ सप्टेंबर

लिहायला बसले आहे. जमेल तसं लिहिते.

गॅलरी भरली होती. ओत्ताविया सगळ्यांना हाताला धरून एकेका चित्रापुढे नेत होती. एजिदिओ निळ्या कोटात, वाइनच्या टेबलापाशी, क्लबवाल्यांना सांगत होता की ही सगळी चित्रं खरं तर त्याने काढली आहेत, मी फक्त रंग लावला.

देविस उशिरा आला. इस्त्रीचा सदरा, बायको बरोबर. आला याचंच मला नवल वाटलं. तो पहिल्या चित्राशी थांबला, दुसऱ्याशी थांबला, आणि मग 'डावीकडून पांढरं'पुढे गेला तो तिथून हलेना. बायको पुढे निघून गेली तरी तो तिथेच. मी जवळ गेले.

"हा मी आहे," तो म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय.

"जुलैमधला पहिला शनिवार. हा मी आहे. तुम्ही मागे होतात?"

"होते."

"तुम्हाला मी दिसलो."

"दिसलास. टोपीसकट."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत?"

मी म्हणाले की मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलेलं होतं. ते माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा मलाच ते कसंतरी वाटलं.

"ठरलेलं?" देविस म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "अहो, मी नाक खाली टाकलं नसतं तर आपण तिघं आज नसतो. ते माझ्या अंगावर येत राहिले. सरळ. मी नाहीच असं. दोन महिने मी समजतोय की त्यांनी मला धडा शिकवला, बैठकीतल्या तक्रारीचा. म्हणून मी बोललो नाही. मला वाटलं, एवढा राग असेल तर असू दे."

"त्याने राग नाही धरला तुझा."

"हो ना," तो म्हणाला. "तेच आत्ता दिसतंय मला." तो चित्राकडे बघत नव्हता आता. खोलीभर बघत होता. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. "ही सगळी उजवीकडची वळणं आहेत. एकही डावीकडचं नाही?"

आठही चित्रं मला पाठ होती.

एवढ्यात एजिदिओ ग्लास घेऊन आला. "काय मास्तर, काही कळतंय का? मलाही नाही कळत. पण ही बाई जेवायला येते तेव्हा स्तुती करावी लागते."

देविस म्हणाला, "एजिदिओ, यातलं पांढरं तुम्हाला कसं वाटतं?"

एजिदिओने चित्राकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोळे बारीक करून, एक पाऊल मागे जाऊन, मी त्याला शिकवलं होतं तसं.

"कुठलं पांढरं?" तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी त्याचे खांदे दोन्ही हातांनी धरले आणि त्याला डावीकडे वळवलं. जवळजवळ भिंतीकडे तोंड होईपर्यंत. मग त्याला दिसलं. त्याचा चेहरा बदलला तो मी बघितला.

"हे," तो म्हणाला. "हे कधी काढलंस?"

निघताना देविस दारात म्हणाला, "उद्या सकाळी ते मला ओढून नेणार आहेत. तुम्ही सांगा त्यांना. नाहीतर मी अध्यक्षांना सांगतो. पण तुम्ही सांगितलंत तर बरं."

७ सप्टेंबर

मैदानावर गेले तेव्हा तो काच पुसत होता. उजवी बाजू लखलखीत. रविवार, हवा सुरेख, डोंगर हाताशी. देविसचं ग्लायडर गवतात उभं होतं आणि देविस त्याच्यापासून बराच लांब, पाठ करून.

"बरं झालं लवकर आलीस," एजिदिओ म्हणाला. "मास्तरना वर सोडायच्या आधी एक चक्कर मारू. मग तो बसेल दिवसभर ढग मोजत. चल, बस."

मी उभी राहिले.

"बस ना."

"नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही. मी म्हणाले, "मी नाही बसणार, एजी. आणि तूही बसू नकोस."

तो फडकं खाली टाकून वळला. मग पुढच्या सीटवर चढला, पट्टा लावला, दार उघडंच. मी पंखाखाली गेले. किल्ली त्याने लावली नव्हती. दोन्ही हात मांडीवर होते. वारा येऊन शेपूट जरा हलली की तो पायाखालचं पेडल दाबून ती सरळ करत होता, उभ्या विमानात, सवयीने.

"देविस काही बोलला का?"

"हो."

"मी त्याच्या अंगावर गेलो?"

"हो."

"आणि तू मागून बघत होतीस."

"हो."

"मग ते तसंच आहे, चित्रातलं? तेवढं जवळ?"

"त्याहून जवळ."

त्याने पट्टा सोडला. उतरताना त्याचा डावा पाय पायरीवरून चुकला आणि मी त्याला धरलं. पहिल्यांदाच त्याने मला धरू दिलं.

"चाकाखालचे ठोकळे काढ," तो म्हणाला. "आत ढकलू विमान."

दोघांनी ढकललं. देविस धावत आला मदतीला. एजिदिओ त्याला म्हणाला, "मास्तर, आज तुम्हाला ओढायला दुसरं कोणी बघा. माझा चष्मा तुटलाय." त्याचा चष्मा त्याच्या नाकावर होता. देविस म्हणाला, "बरं."

१७ सप्टेंबर

पाडोव्याच्या इस्पितळात जाऊन आलो. डोक्याच्या आतल्या फोटोत उजवीकडे पांढरी गाठ आहे. पोरसवदा डॉक्टर बाईने समजावलं की डोळे उत्तम आहेत, सगळं दिसतं. फक्त डावी बाजू म्हणून काही असते हेच त्याच्या लक्षातून गेलं आहे. अंधार दिसतो असं नाही. काहीच नाही असं वाटतं, आणि जे नाही ते आपण शोधत नाही. डोळ्यांच्या साध्या तपासणीत तो कदाचित पासही झाला असता, असंही म्हणाली.

"ऐकलंस?" एजिदिओ मिरेलाला म्हणाला. "पास झालो असतो."

मिरेला रडली नाही. तिने त्याच्या डाव्या कोपराला धरलं आणि मग लक्षात येऊन उजवीकडे गेली.

२८ सप्टेंबर

रविवार. जेवायला गेले. त्याने आता ताटली स्वतः फिरवायला शिकून घेतलं आहे. फिरवतो आणि "दुसरा अंक," म्हणतो. मिरेला रोज हसते.

तो झोपल्यावर ती मला म्हणाली, "मी ताटली फिरवत होते तेव्हा तू हसत होतीस."

"हो."

"पेट्रोलचा काटा तू वाचून दाखवायचीस. त्यानेच सांगितलं काल. गंमत म्हणून सांगितलं."

"हो."

"लवकर कळलं असतं तर काही झालं असतं का, हे मी डॉक्टरला विचारलं नाही," मिरेला म्हणाली. "तूही विचारू नकोस. विचारलंस तर मला सांगू नकोस."

मग तिने कॉफी केली आणि आम्ही प्यायलो. मी उठायला लागले तर म्हणाली, "पुढच्या रविवारी बदकाचं करणार आहे. ये."

३ ऑक्टोबर

ओत्तावियाचा फोन. प्रदर्शन संपलं, सहा चित्रं गेली. उत्तरेकडच्या एका संग्रहालयाला 'डावीकडून पांढरं' हवं आहे. ती आनंदाने बोलत सुटली होती. ती रिकामी बाजू, ती किती धीट आहे, सगळे तेच विचारत होते. मी म्हणाले, ते विकायचं नाही, परत पाठव.

"का?"

"त्यात चूक आहे."

"निवेस, त्यात कुठेही चूक नाही."

मी फोन ठेवला. खरंच नाही. तेच तर.

१० ऑक्टोबर

चित्र परत आलं. लेथपाशी उभं करून ठेवलं आहे. आज पट्टी हातात घेतली, खरवडायला. पांढरा वरून सुकलाय, आतून अजून मऊ असणार, सहज निघेल. पट्टीचं टोक टेकवलं. मग खाली ठेवली. उद्या.

१२ ऑक्टोबर

शस्त्रक्रिया उद्या. आज संध्याकाळपर्यंत त्याला पाडोव्यात दाखल व्हायचं होतं. दुपारी कारखान्याच्या दारात गाडी थांबली. मिरेला स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर बॅग. एजिदिओ काठी टेकत आत आला.

"बघू दे," तो म्हणाला.

मी खुर्ची दिली. ती त्याने चित्रापुढे ठेवली नाही. चित्राच्या डाव्या टोकालाही बरीच ओलांडून, तिरकी ठेवली. दवाखान्यात त्याला ते शिकवलं आहे, शोधायचं असेल तर आधी मान वळवा. तो मान वळवून, थांबून, पुन्हा थोडी वळवून बघत गेला. बराच वेळ लागला. बाहेर मिरेलाने इंजिन बंद केलं.

"ही पट्टी कशाला काढून ठेवलीस?"

"खरवडणार आहे."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

"मला वाटायचं मी सरळ चाललोय," तो म्हणाला. "वळतोय असं वाटतच नव्हतं. मला वाटायचं तू मागे खूश आहेस, म्हणजे आपण चांगलं उडतोय."

"मी खूश होते."

"हो ना." त्याने काठीने चित्राच्या डाव्या कडेकडे खूण केली. काठी थोडी उजवीकडेच गेली. "खरवडू नकोस. हे माझ्याकडे नाहीये, निवेस. मी तिथे होतो आणि हे माझ्याकडे नाही. कुठेतरी असू दे."

"संग्रहालयाला देऊ?"

"दे. माझं नाव लिहायला लाव खाली. वैमानिक, एजिदिओ दाल कोर्सो."

"बरं."

"आणि मास्तरचंही लिही. नाहीतर तक्रार करेल."

मी हसले. त्यालाही हसू आलं, चेहऱ्याच्या एका बाजूने. मग दारातून मिरेला म्हणाली, "एजी, उशीर होतोय." तो उठला. मी त्याच्या डाव्या बाजूने चालले, दारापर्यंत, त्याच्या खांद्याला खांदा लावून. त्याला मी तिथे आहे हे कळलं की नाही, मला माहीत नाही. गाडीत बसताना त्याने हात हलवला तो समोरच्या भिंतीकडे.

मी मागून बसने पाडोव्याला आले. मिरेला आणि मी इथे शेजारच्या खोलीत आहोत.

१३ ऑक्टोबर

सकाळी लवकर त्याला आत नेलं. दुपारपर्यंत चालेल म्हणाले होते. त्याच्या बरंच आधी डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी मिरेलाला बसायला सांगितलं. एजी टेबलावरच गेला.